क्रीटच्या अमीरातीचा अस्त (इ. स. ९६१) : बायझंटाइन विजयाची कारणमीमांसा

सारांश

भूमध्य समुद्रातील क्रीट बेटावर इ. स. ८२४ ते ८२८ च्या दरम्यान आंदालुसिया म्हणजे मुस्लिम स्पेनमधून निर्वासित झालेल्या मुसलमानांनी स्वतंत्र अमीरात स्थापन केली. ही अमीरात सुमारे १३५ वर्षे टिकली. बायझंटाइन साम्राज्याने ती जिंकून घेण्यासाठी वारंवार आरमारी मोहिमा काढल्या, परंतु त्या अपयशी ठरल्या. इ. स. ९६०-६१ मध्ये निकेफोरस फोकास याच्या नेतृत्वाखालील मोहीम मात्र यशस्वी झाली. या यशाचे श्रेय सामान्यतः सेनापतीच्या पराक्रमास दिले जाते. प्रस्तुत लेखात पूर्वीच्या अपयशांशी तुलना करून या विजयाची कारणे तपासली आहेत. पराभूत अमीरातीविषयीची माहिती प्रामुख्याने विजेत्यांच्याच लेखनातून मिळते. त्यामुळे इतिहासलेखनात निर्माण होणाऱ्या प्रश्नाकडेही लक्ष वेधले आहे.

प्रस्तावना

मध्ययुगीन भूमध्य समुद्राचा इतिहास हा बव्हंशी बेटांच्या ताब्याचा इतिहास आहे. वल्ह्यांवर चालणाऱ्या तत्कालीन युद्धनौकांवर माणसांची संख्या मोठी आणि साठवणुकीची जागा अपुरी असे. गोड्या पाण्यासाठी व धान्यासाठी अशा नौकांना वारंवार किनाऱ्याला लागावे लागे. त्यामुळे ज्याच्या हाती बेट, त्याच्या हाती आजूबाजूचा समुद्र असे समीकरण होते. क्रीट हे एजियन समुद्राच्या दक्षिण तोंडाशी पूर्व-पश्चिम आडवे पसरलेले लांबट बेट आहे. कॉन्स्टँटिनोपलहून दक्षिणेकडे जाणारा आणि इजिप्तहून उत्तरेकडे येणारा असे दोन्ही जलमार्ग येथून नियंत्रित करता येत. या बेटाचे महत्त्व त्याच्या भौगोलिक स्थानातच दडलेले आहे.

असे बेट साम्राज्याच्या हातून गेले, सुमारे १३५ वर्षे परत मिळाले नाही आणि अखेरीस आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर मिळाले. त्या एका मोहिमेत असे वेगळे काय होते, हा या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. क्रीटच्या अमीरातीची स्थापना व तिचे स्वरूप समजून घेणे.
२. इ. स. ९६१ पूर्वीच्या बायझंटाइन मोहिमांच्या अपयशाची कारणे पाहणे.
३. इ. स. ९६०-६१ च्या मोहिमेच्या यशाची कारणमीमांसा करणे.
४. उपलब्ध साधनांच्या मर्यादांचा विचार करणे.

अमीरातीची स्थापना

इ. स. ८१८ मध्ये कॉर्डोबा शहराच्या उपनगरात उमय्या घराण्याचा अमीर पहिला अल-हकम याच्याविरुद्ध उठाव झाला. तो निर्दयपणे चिरडण्यात आला, उपनगर जमीनदोस्त करण्यात आले आणि तेथील रहिवाशांना देशोधडीला लावण्यात आले. त्यांपैकी काही मोरोक्कोतील फेझ येथे गेले. परंपरागत वृत्तांतानुसार एक मोठा गट पूर्वेकडे गेला आणि इजिप्तमधील अस्थिरतेचा लाभ घेऊन अलेक्झांड्रियावर ताबा मिळवलेल्या आंदालुसियनांत सामील झाला. पुढे अब्बासी सेनापती अब्दुल्ला इब्न ताहिर याने त्यांना तेथून निघून जाण्यास भाग पाडले. अबू हफ्स उमर याच्या नेतृत्वाखाली सुमारे चाळीस नौकांतून हे लोक क्रीटला उतरले.

याच सुमारास बायझंटाइन साम्राज्य थॉमस द स्लाव्ह याच्या बंडातून (इ. स. ८२१ ते ८२३) नुकतेच सावरत होते. या यादवीत साम्राज्याचे आरमार दुर्बल झाले होते. तेव्हा क्रीटचा पाडाव हा आक्रमकांच्या बळाइतकाच साम्राज्याच्या अंतर्गत कलहाचाही परिणाम होता.

नवागतांनी उत्तर किनाऱ्यावर राजधानी वसवली आणि तिच्याभोवती खोल खंदक खणला. त्यावरून शहराला ‘रब्द अल-खंदक’ म्हणजे खंदकाची गढी असे नाव पडले. ग्रीकांनी त्याचे ‘खांदाक्स’ केले, पुढे व्हेनिसच्या अमलात त्याचे ‘कँडिया’ झाले. आजचे हेराक्लिऑन ते हेच. मराठी वाचकाला गडकोटांच्या वर्णनातून परिचित असलेला ‘खंदक’ हा शब्द आणि या ग्रीक शहराचे मध्ययुगीन नाव हे एकाच अरबी शब्दापासून आलेले आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे.

अमीरातीचे स्वरूप : चाच्यांचा अड्डा की राज्य?

बायझंटाइन लेखकांनी क्रीटचे वर्णन सातत्याने समुद्री चाच्यांचा अड्डा असे केले आहे. हे वर्णन सर्वस्वी निराधार नव्हे. ऑक्टोबर ८२९ मध्ये थासॉस बेटाजवळ क्रीटच्या आरमाराने बायझंटाइन ताफ्याचा मोठा विध्वंस केला. त्यानंतर एजियन बेटे आणि किनाऱ्यावरील वस्त्या अनेक दशके छाप्यांच्या भीतीखाली राहिल्या. इ. स. ९०४ मध्ये अब्बासी सेवेतील लिओ ऑफ ट्रिपोली याने थेस्सालोनिकी हे साम्राज्याचे दुसऱ्या क्रमांकाचे शहर लुटले, तेव्हा कैद्यांना क्रीटमध्ये आणून त्यांतील अनेकांची विक्री करण्यात आली. या घटनेचे वर्णन जॉन कामिनिआटिस याच्या नावावरील वृत्तांतात येते. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांत मतभेद असले, तरी गुलामांचा व्यापार हे क्रीटच्या अर्थव्यवस्थेचे एक अंग होते, याविषयी शंका नाही.

परंतु एवढ्यावरून संपूर्ण राज्याचे मूल्यमापन करणे योग्य ठरणार नाही. या संदर्भात नाण्यांचा पुरावा निर्णायक आहे. जॉर्ज माइल्स यांनी इ. स. १९७० मध्ये क्रीटच्या अरब अमीरांच्या नाण्यांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. बायझंटाइन इतिहासकारांना या अमीरांची नावे अपभ्रष्ट रूपातच ठाऊक होती. माइल्स यांनी नाण्यांवरील नावांच्या आधारे अमीरांचा अनुक्रम मांडला. सत्ता एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालत होती, असे त्यावरून दिसते. सोने, चांदी व तांबे या तिन्ही धातूंची नाणी क्रीटमध्ये पाडली जात. केवळ लुटीवर जगणाऱ्या टोळीला स्वतःच्या तांब्याच्या चिल्लर नाण्यांची गरज भासत नाही. ती गरज बाजार असलेल्या समाजाला भासते.

इजिप्तशी क्रीटचे संबंध निकटचे होते. इ. स. ८५३ मध्ये बायझंटाइन आरमाराने इजिप्तमधील दमिएत्ता बंदर लुटले, तेव्हा क्रीटच्या अमीरासाठी तयार ठेवलेली शस्त्रे त्यांच्या हाती लागल्याची नोंद अरबी इतिहासकार तबरी करतो. वसिलिओस क्रिस्टिडिस यांनी इ. स. १९८४ मधील आपल्या ग्रंथात क्रीटचा विचार एक संघटित राज्य म्हणून केला आहे. अर्थात छापे घालणारे राज्य आणि व्यापार करणारे राज्य ही त्या काळात परस्परविरोधी वर्णने नव्हती. बायझंटाइन आरमारही शत्रूच्या किनाऱ्यावर हेच करीत असे, आणि दमिएत्ता हे त्याचेच उदाहरण आहे.

अपयशी मोहिमांची परंपरा

इ. स. ८४३ मध्ये सम्राज्ञी थिओडोराचा मंत्री थिओक्टिस्टॉस मोठा ताफा घेऊन क्रीटवर उतरला. सुरुवातीस त्याला चांगले यशही मिळाले. परंतु राजधानीत सत्तापालटाचे कारस्थान शिजत असल्याची अफवा कानी येताच तो सैन्य मागे ठेवून कॉन्स्टँटिनोपलला परतला. मागे राहिलेल्या सैन्याचा क्रीटच्या लोकांनी धुव्वा उडवला.

इ. स. ८६६ मध्ये सम्राट तिसरा मायकेल आणि त्याचा मामा बार्डास यांनी क्रीटवर स्वारीची तयारी केली. सैन्य आशिया मायनरच्या किनाऱ्यावर जमले असतानाच भावी सम्राट पहिला बासिल व त्याच्या साथीदारांनी बार्डासचा खून केला. मोहीम समुद्रात उतरण्यापूर्वीच संपली.

इ. स. ९११ मध्ये हिमेरिओस याच्या नेतृत्वाखाली प्रचंड ताफा पाठवण्यात आला. सम्राट सातवा कॉन्स्टंटाइन याच्या प्रेरणेने सिद्ध झालेल्या दरबारी समारंभांविषयीच्या ग्रंथात या मोहिमेच्या याद्या जतन झाल्या आहेत. त्यांत नौका, सैनिक व वेतन यांचे तपशील असून ७०० रूस भाडोत्री सैनिकांचाही उल्लेख आहे. हा ताफा अनेक महिने काहीही साध्य करू शकला नाही. सम्राट सहावा लिओ मृत्युशय्येवर असल्याचे कळल्यावर हिमेरिओस परतीस निघाला. इ. स. ९१२ मध्ये खिऑस बेटाजवळ मुस्लिम ताफ्याने त्याला गाठून त्याचा पराभव केला.

इ. स. ९४९ ची मोहीम कॉन्स्टंटाइन गोंगिलिस या दरबारी षंढाकडे सोपवण्यात आली. त्याने छावणीची तटबंदी व पहारा यांची पुरेशी दक्षता घेतली नाही. अचानक झालेल्या हल्ल्यात त्याच्या सैन्याची वाताहत झाली.

या चार मोहिमा एकत्र पाहिल्या असता एक बाब ठळकपणे नजरेस येते. ९४९ चे अपयश निव्वळ लष्करी निष्काळजीपणाचे होते. उरलेल्या तिन्हींमध्ये मोहिमेचा दोर राजधानीत कापला गेला : एकदा अफवेने, एकदा खुनाने आणि एकदा सम्राटाच्या आजारपणाने. बेटावरील युद्ध दीर्घकाळ चालते. दीर्घकाळ चालणाऱ्या युद्धासाठी सेनापतीला पाठीमागच्या सत्तेचा भरवसा लागतो, आणि हा भरवसा बायझंटाइन सेनापतींना मिळत नव्हता.

इ. स. ९६०-६१ ची मोहीम

इ. स. ९५९ मध्ये दुसरा रोमानोस गादीवर आला. पूर्वीच्या अपयशांमुळे दरबारातील अनेकांचा नव्या मोहिमेस विरोध होता. तो मोडून काढण्यात प्रमुख मंत्री योसेफ ब्रिंगास याचा वाटा मोठा होता. पूर्वेकडील सैन्याचा अनुभवी सरदार निकेफोरस फोकास याची सेनापती म्हणून नेमणूक झाली. समकालीन वृत्तांतात ताफ्याचा आकडा सुमारे ३,३०० नौका असा येतो. तो अतिशयोक्त मानला जातो, परंतु मोहीम असाधारण मोठी होती हे त्यावरून दिसते. ग्रीक सैनिकांबरोबर आर्मेनियन, स्लाव्ह व रूस सैनिकही तीत होते.

जुलै ९६० मध्ये हे सैन्य क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर उतरले. लिओ डीकन या इतिहासकाराने या उतरणीचे वर्णन केले आहे. नौकांना जोडलेल्या उताराच्या फळ्यांवरून चिलखती घोडेस्वार थेट किनाऱ्यावर आले आणि किनाऱ्यावर वाट पाहत उभ्या असलेल्या क्रीटच्या सैन्याला ते अनपेक्षित होते. या पहिल्या चकमकीत बचाव करणारे तटबंदीच्या आड मागे हटले.

मात्र पुढील घटनाक्रम सरळ विजयाचा नव्हता. पास्टिलास नावाच्या सरदाराला टेहळणीसाठी बेटाच्या अंतर्भागात पाठवले असता त्याचे सैनिक मुबलक धान्य व मद्य पाहून बेसावध झाले. त्यांच्यावर हल्ला होऊन पास्टिलास मारला गेला. शहरावरील थेट हल्लाही फसला. तेव्हा निकेफोरसने डावपेच बदलले. शहराला जमिनीच्या बाजूने पूर्ण वेढा घालून त्याने तटबंदीची छावणी उभारली. अंतर्भागात जमलेल्या मदतसैन्यावर त्याने रात्री छापा घातला आणि मारलेल्यांची मुंडकी यंत्रांनी शहरात फेकवली. वेढ्याच्या काळात एक जिवंत गाढव शहरात फेकल्याचा प्रसंग थिओडोसिओस डीकन याने आपल्या काव्यात वर्णिला आहे. अशा प्रसंगांचे वर्णन विजेत्यांच्या लेखनात विनोदाच्या सुरात येते. तटाच्या आत त्याचा अनुभव कसा असेल, हे सांगणारा एकही शब्द उरलेला नाही.

मोहिमेची खरी कसोटी हिवाळ्यात लागली. पूर्वीच्या मोहिमा सामान्यतः हिवाळ्यापूर्वी आटोपण्याच्या हिशोबाने निघत. या वेळी सैन्य हिवाळाभर बेटावरच राहिले. थंडी कडाक्याची होती, धान्य संपत आले होते आणि सैनिकांत परतण्याची भाषा सुरू झाली होती. अशा वेळी ब्रिंगासने राजधानीतून धान्यपुरवठा पाठवला. ब्रिंगास आणि निकेफोरस हे पुढे, इ. स. ९६३ मध्ये, एकमेकांचे कट्टर शत्रू झाले. तरीही त्या हिवाळ्यात मंत्र्याने पाठवलेल्या धान्यावरच सेनापतीचा विजय उभा राहिला. युद्धवर्णनांत हा प्रसंग थोडक्यात येतो, परंतु मोहिमेचे भवितव्य तेथेच ठरले असे म्हणावे लागेल.

वसंताच्या प्रारंभी अंतिम हल्ल्याची तयारी झाली. तटाखाली भुयार खणून वरचा भार लाकडी टेकूंवर तोलून धरण्यात आला आणि मग टेकूंना आग लावण्यात आली. टेकू जळताच दोन बुरूज व त्यांमधील भिंत खचली. ६ मार्च ९६१ रोजी (काही अभ्यासकांच्या मते ७ मार्च) सैन्य शहरात घुसले. शहर लुटले गेले आणि मोठी कत्तल झाली. शस्त्र खाली ठेवलेल्यांना मारू नये असा प्रयत्न निकेफोरसने केल्याचे लिओ डीकन सांगतो. उत्तरकालीन अरबी लेखनात मृतांचे व गुलाम केलेल्यांचे आकडे लाखांत येतात, ते शब्दशः घेता येणार नाहीत.

अमीरातीचा एकाकीपणा

बायझंटाइन बाजूची सिद्धता हे विजयाचे अर्धे कारण होय. उरलेले अर्धे कारण क्रीटच्या एकाकीपणात आहे. वेढा पडल्यानंतर अमीर अब्दुल अझीझ याने मदतीसाठी अनेक दरबारांकडे याचना केली. बगदादचा खलिफा या काळात स्वतःच बुवैही सरदारांच्या कह्यात होता. इजिप्तमध्ये इख्शीदी घराण्याच्या नावाने काफूर कारभार पाहत होता, परंतु तेथून परिणामकारक मदत आली नाही. उत्तर सीरियातील हमदानी अमीर सैफ अल-दौला याने बायझंटाइन सैन्य क्रीटमध्ये गुंतल्याची संधी साधून आशिया मायनरवर स्वारी केली. परंतु नोव्हेंबर ९६० मध्ये आंद्रासॉसच्या खिंडीत निकेफोरसचा भाऊ लिओ फोकास याने त्याच्या सैन्याचा संहार केला. त्यामुळे निकेफोरसला माघारी बोलावण्याची गरजच उरली नाही.

शेवटी क्रीटच्या लोकांनी उत्तर आफ्रिकेतील फातिमी खलिफा अल-मुइज्ज याच्याकडे धाव घेतली. या प्रसंगाचा पत्रव्यवहार काझी अल-नुमान याच्या ग्रंथात जतन झाला आहे. अल-मुइज्जने इजिप्तच्या इख्शीदींना संयुक्त मोहिमेचे आवाहन केले आणि दोन्ही आरमारांनी २० मे ९६१ पर्यंत सिरेनाइकाच्या किनाऱ्यावरील तुलमैथा येथे एकत्र यावे असे सुचवले. परंतु फातिमी सत्ता शिया पंथीय व इजिप्त जिंकण्याची आकांक्षा बाळगणारी होती. तिच्या आरमाराला आपल्या दाराशी बोलावणे इख्शीदींना धोक्याचे वाटणे स्वाभाविक होते. ठरलेल्या दिवसाच्या दोन महिन्यांहून अधिक आधीच खांदाक्सचा तट कोसळला होता. क्रीटच्या पाडावाची वार्ता पोहोचल्यावर इजिप्तमधील फुस्तात येथे ख्रिस्ती चर्चवर जमावाने हल्ले केले. एका बेटाच्या पराभवाचा राग दुसऱ्या देशातील निरपराध शेजाऱ्यांवर निघाला.

विजयानंतरचे क्रीट

शहराचा तट पाडण्यात आला, मशिदी नष्ट करण्यात आल्या. निकेफोरसने अंतर्भागातील टेकडीवर ‘टेमेनॉस’ नावाचा किल्ला बांधून शहर तेथे हलवण्याचा प्रयत्न केला, परंतु वस्ती पुन्हा किनाऱ्यावरील जुन्या जागीच परतली. बेटावर ग्रीक व आर्मेनियन वसाहती करण्यात आल्या. संत निकॉन याने इ. स. ९६१ नंतर काही वर्षे क्रीटमध्ये धर्मप्रसार केला. त्याच्या चरित्रात बेटावरील लोक मुसलमानी आचार पाळत असल्याचे वर्णन येते. येथील लोकजीवनात किती खोल बदल झाला होता, याचा हा अप्रत्यक्ष पुरावा आहे. मोहिमेतील संपत्तीचा काही भाग ॲथॉस पर्वतावर इ. स. ९६३ मध्ये स्थापन झालेल्या महालाव्रा मठासाठी खर्च झाला. निकेफोरस त्याच वर्षी सम्राट झाला आणि इ. स. ९६५ मध्ये सायप्रस व टार्ससही साम्राज्यात आले.

अमीर अब्दुल अझीझ याला सहकुटुंब कॉन्स्टँटिनोपलला नेण्यात आले. विजययात्रेनंतर त्याला जमीनजुमला देण्यात आला. धर्मांतर न केल्यामुळे त्याला सिनेटचे सभासदत्व मात्र मिळाले नाही. त्याचा मुलगा नुमान, ज्याला ग्रीक लेखक ‘आनेमास’ म्हणतात, बायझंटाइन सैन्यात दाखल झाला. इ. स. ९७१ मध्ये डॅन्यूबकाठच्या डोरोस्टोलॉन येथे रूसांशी लढताना तो मारला गेला. ज्या साम्राज्याने वडिलांचे राज्य बुडवले, त्याच साम्राज्यासाठी मुलाने प्राण दिले. ज्यांनी बापाला चाच्यांचा सरदार म्हटले, त्याच परंपरेतील लेखकांनी मुलाचे शौर्य गौरवले आहे.

निष्कर्ष

१. क्रीटची अमीरात हा केवळ चाच्यांचा अड्डा नव्हता. वंशपरंपरागत सत्ता, स्वतःचे चलन व इजिप्तशी असलेले संबंध यांवरून ते एक संघटित राज्य होते असे दिसते. छापे व गुलामांचा व्यापार ही त्या राज्याची एक बाजू होती.

२. इ. स. ९६१ पूर्वीच्या मोहिमांचे अपयश बव्हंशी राजधानीतील राजकीय अस्थैर्यामुळे घडले.

३. इ. स. ९६०-६१ च्या यशामागे सेनापतीचे कौशल्य होतेच. परंतु हिवाळाभर सैन्य टिकवून धरणारा पुरवठा आणि मोहिमेच्या काळात राजधानीत टिकलेले स्थैर्य ही अधिक निर्णायक कारणे होत.

४. मुस्लिम सत्तांमधील परस्पर अविश्वासामुळे क्रीट एकाकी पडले. जाहीर केलेली मदत आणि वेळेवर पोहोचलेली मदत यांतील अंतर त्याला भोवले.

५. या वेढ्याची सविस्तर वर्णने विजेत्यांची आहेत. वेढलेल्यांच्या बाजूने थोडी पत्रे आणि तांब्याची नाणी एवढेच बोलते. अशा राज्याचा इतिहास लिहिताना विजेत्यांनी दिलेले नाव आणि पुराव्यातून दिसणारे रूप यांत भेद करणे, ही अभ्यासकाची जबाबदारी ठरते.